विश्लेषण : नोकरी सांभाळून व्यवसायाची दुसरी पदवी… श्रेयांकांचा मार्ग खरेच स्वस्त आहे का?

‘आधीची पदवी आहे ना? मग उरलेले श्रेयांक ऑनलाइन मिळवा आणि कमी वेळात, कमी पैशांत बीबीए किंवा बीकॉम व्हा’, अशा जाहिराती आता खेड्यातल्या मोबाइलवरही पोहोचल्या आहेत. अमेरिकेत ही सोय बरीच जुनी आहे. भारतात श्रेयांक पेढी आणि ‘स्वयम्’मुळे तिचा पाया घातला गेला. मात्र खान्देशातील पदवीधराच्या हाती त्यातून नेमके काय लागते, याचा हिशेब जाहिरातीत नसतो.

हा प्रश्न आत्ताच का?

जळगाव शहरापासून काही किलोमीटरवरचे असोदा हे भरताच्या वांग्यांसाठी आणि बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. शहराच्या इतक्या जवळच्या गावांतून रोज मोठ्या संख्येने तरुण जळगावात कामाला येतात. औद्योगिक वसाहतीतील चटई आणि पाइपचे कारखाने, डाळ मिल, सराफ बाजार, केळीचे व्यापारी, पतसंस्था ही त्यांच्या नोकरीची ठिकाणे. यातील अनेकांकडे कला किंवा विज्ञान शाखेची पदवी असते आणि काम मात्र बिले, जीएसटी, उधारीची खाती, मालाचा साठा यांच्याशी असते. काही वर्षांनी बढतीचा किंवा स्वतःच्या धंद्याचा विचार सुरू झाला, की वाणिज्य किंवा व्यवस्थापनाची पदवी असायला हवी होती, असे वाटू लागते.

पुन्हा तीन वर्षे महाविद्यालयात जाणे शक्य नसते. अशा वेळी श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, जमवून दुसरी पदवी मिळवण्याची कल्पना आकर्षक वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘श्रेयांक हस्तांतर’, ‘कधीही बाहेर पडा, कधीही परत या’ हे शब्दही कानावर आले आहेत. त्यामुळे आधीच्या पदवीचे श्रेयांक वळते करून घेता येतील आणि उरलेले घरबसल्या मिळतील, असा अनेकांचा समज झाला आहे. हा समज काही अंशीच खरा आहे.

ही कल्पना मुळात कुठली?

अमेरिकेत पदवीसाठी साधारण १२० श्रेयांक लागतात आणि तिथले शिक्षण अतिशय महाग आहे. त्यामुळे वर्गात न बसता श्रेयांक मिळवण्याच्या अनेक वाटा तिथे तयार झाल्या. ‘कॉलेज बोर्ड’ची ‘क्लेप’ ही परीक्षा १९६७ पासून घेतली जाते. विषय आधीच येत असेल तर परीक्षा देऊन त्याचे श्रेयांक पदरात पाडून घेता येतात. पुढे ‘सोफिया’, ‘स्टडी डॉट कॉम’, ‘स्ट्रेटरलाइन’ यांसारख्या खासगी कंपन्यांनी ठरावीक शुल्कात ऑनलाइन विषय शिकवायला सुरुवात केली. अशा विषयांना किती श्रेयांक द्यावेत, याची शिफारस ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ ही संस्था करते. शिफारस मान्य करायची की नाही, हे ज्या त्या विद्यापीठावर असते.

न्यू जर्सीतील टॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, कनेक्टिकटमधील चार्टर ओक स्टेट कॉलेज या संस्था १९७० च्या दशकापासून अशा प्रौढ विद्यार्थ्यांसाठीच आहेत. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत सहा महिन्यांचे ठोक शुल्क भरून त्या काळात जितके विषय पूर्ण करता येतील तितके करता येतात. आधीची पदवी असलेल्याला भाषा, गणित, समाजशास्त्र असे सामान्य विषय बहुतेक ठिकाणी पुन्हा करावे लागत नाहीत. उरतात ते व्यवसायाचे विषय. म्हणून तिथे व्यवसायाची दुसरी पदवी झटपट आणि स्वस्तात होऊ शकते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याचा खरा उपयोग होतो. भारतातील तीन वर्षांच्या बीकॉमला तिथल्या अनेक मूल्यांकन संस्था चार वर्षांच्या पदवीची बरोबरी देत नाहीत. तिथला सीपीए, म्हणजे सनदी लेखापाल होण्यासाठी तर परंपरेने १५० श्रेयांकांची अट राहिली आहे. ही तूट भरून काढण्यासाठी असे पर्यायी श्रेयांक कामाला येतात. पण हे गणित अमेरिकेच्या महाग शुल्कावर आणि तिथल्या नियमांवर उभे आहे. ते जसेच्या तसे जळगाव-धुळ्यात लागू पडत नाही.

भारतातील श्रेयांक पेढी काय करते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जुलै २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची, म्हणजे श्रेयांक पेढीची नियमावली आणली. बँकेच्या खात्याप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याचे एक खाते असते. त्याने मान्यताप्राप्त संस्थांत मिळवलेले श्रेयांक त्या संस्था या खात्यात जमा करतात. विद्यार्थी स्वतः गुणपत्रिका चढवून श्रेयांक जमा करू शकत नाही.

यानंतर २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार साधारण ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक आणि वर्षाला ४० श्रेयांक असे प्रमाण ठरले. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक. महाराष्ट्राच्या रचनेत तीन वर्षांसाठी १२० ते १३२ श्रेयांकांची तरतूद आहे.

पेढीच्या नियमांतील तीन कलमे दुसरी पदवी घेणाऱ्याने नीट वाचायला हवीत. पहिले, ज्या विद्यापीठाची पदवी हवी, त्याच विद्यापीठातून किमान ५० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. १२० श्रेयांकांच्या पदवीत ६० श्रेयांक तिथेच शिकून मिळवणे आले. दुसरे, पेढीतील श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. तिसरे कलम सर्वात महत्त्वाचे. एखाद्या पदवीसाठी श्रेयांक वापरले, की ते खात्यातून कायमचे वजा होतात.

मग पहिल्या पदवीचे श्रेयांक दुसऱ्या पदवीला चालतात का?

हक्क म्हणून नाही. अमेरिकेतील आणि इथल्या व्यवस्थेतील मुख्य फरक इथेच आहे. तिथे पहिल्या पदवीतील सामान्य विषय दुसऱ्या पदवीत धरले जातात. इथे पेढीचा व्यवहार खऱ्या बँकेसारखा आहे. बीए मिळवताना जमा रक्कम खर्च झाली, तीच बीकॉमसाठी पुन्हा काढता येत नाही. शिल्लक असलेले, म्हणजे कोणत्याही पदवीत न वापरलेले श्रेयांकच पुढे नेता येतात. शिक्षण अर्धवट सोडलेल्या विद्यार्थ्यासाठी ही व्यवस्था मोलाची आहे. पदवी पूर्ण केलेल्याला तिचा फायदा थोडा.

दुसरी अडचण वयाची आहे. पेढीत शैक्षणिक वर्ष २०२१-२२ पासून मिळवलेले श्रेयांकच धरले जातात. म्हणजे २०१० किंवा २०१८ साली बीए झालेल्याच्या खात्यात पहिल्या पदवीचे काहीच जमा नसते. दुसऱ्या पदवीचा विचार करणारे बहुतेक नोकरदार याच वयोगटातील असतात. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणाची श्रेयांक रचना २०२४-२५ पासून लागू झाली. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत तेव्हा दाखल झालेली तुकडी तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडेल ती २०२७ मध्ये.

काही विद्यापीठे स्वतःच्या अध्यादेशानुसार समान विषयांत सूट देतात. अशी सूट असेल तर ती प्रवेशापूर्वी लेखी मिळवावी. दलालाच्या तोंडी आश्वासनाला परीक्षा विभागात किंमत नसते.

‘स्वयम्’वरून किती वेळ आणि पैसा वाचतो?

‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावरील व्यवस्थापनाच्या विषयांच्या समन्वयाचे काम बंगळूरुच्या आयआयएमकडे आहे. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’चे अभ्यासक्रमही तिथेच आहेत. शिकणे मोफत आहे. श्रेयांक हवे असतील तर मात्र परीक्षा केंद्रावर जाऊन, शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एक, आठ आठवड्यांना दोन आणि बारा आठवड्यांना तीन श्रेयांक असे साधारण प्रमाण आहे.

यूजीसीने २०१६ मध्ये अशा ऑनलाइन विषयांना २० टक्क्यांपर्यंत मुभा दिली होती. २०२१ च्या नियमांनी ती ४० टक्क्यांवर नेली. अनेक जाहिराती या ‘४० टक्क्यां’वरच थांबतात. नियमातील पुढचे शब्द सांगितले जात नाहीत. ही मर्यादा एखाद्या सत्रातील विषयांपुरती आहे. म्हणजे प्रत्येक सत्रातील काही विषय विद्यापीठाऐवजी ‘स्वयम्’वरून करता येतात, पण सत्रांची संख्या आपोआप कमी होत नाही. सहा सत्रांची पदवी सहा सत्रांचीच राहते.

शिवाय विषय विद्यार्थ्याने मनाने निवडायचा नसतो. कोणते विषय कोणत्या पेपरच्या जागी चालतील, हे विद्यापीठाने सत्राआधी ठरवून जाहीर करायचे असते. यादीत नसलेला विषय उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, तरी प्रमाणपत्र मिळेल आणि पेपर मात्र शिल्लक राहील.

खर्चाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. १२० श्रेयांकांपैकी ४० टक्के म्हणजे ४८ श्रेयांक. तीन श्रेयांकांचा एक, असे सोळा अभ्यासक्रम झाले. ‘एनपीटीईएल’च्या परीक्षेचे शुल्क एका विषयाला हजार रुपयांच्या घरात असते. म्हणजे केवळ परीक्षांचे सोळा हजार रुपये. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूच्या बीकॉमचे वर्षाचे शुल्क काही हजारांत असते. विषय बाहेरून केला म्हणून विद्यापीठ आपले शुल्क तेवढे कमी करतेच, असेही नाही. त्यामुळे अमेरिकेत पैसे वाचवणारा मार्ग इथे उलट खर्च वाढवू शकतो.

‘स्वयम्’चा फायदा वेगळा आहे. जळगावच्या तरुणाला आयआयएम आणि आयआयटीच्या प्राध्यापकांकडून विपणन, वित्त, हिशेबशास्त्र शिकता येते. बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्याला सुरुवातीला जड जाते, हेही खरे. ज्ञानासाठी ही सोय उत्तम आहे. पदवी लवकर संपवण्यासाठी तिचा आधार धरू नये.

वेळ वाचवण्याचा दुसरा मार्ग आहे का?

यूजीसीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेगवान पदवी’ची कार्यपद्धती मांडली. हुशार आणि सक्षम विद्यार्थ्याला दर सत्रात जादा श्रेयांक घेऊन तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पूर्ण करता येईल, अशी ती तरतूद आहे. तिथेही निवड विद्यापीठाची समिती करते, पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रातील कामगिरी पाहून. विद्यार्थ्यांच्या संख्येवरही मर्यादा आहे. म्हणजे फार तर सहा महिने वाचतात, आणि तेही नोकरी करणाऱ्याने जास्तीचा अभ्यास पेलला तर.

पहिली पदवी अजून सुरू असेल, तर मात्र खरा वेळ वाचवणारा पर्याय उपलब्ध आहे. यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्याला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गाच्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. किंवा एक प्रत्यक्ष वर्गातील आणि दुसरी दूरशिक्षणाची, किंवा दोन्ही दूरशिक्षणाच्या, असेही चालते. जून २०२५ मध्ये आयोगाने आणखी एक खुलासा केला. एप्रिल २०२२ पूर्वी अशा दोन पदव्या एकत्र केलेल्यांनाही, त्या वेळच्या नियमांत त्या बसत असतील तर, मान्यता राहील.

याचा अर्थ असा, की जळगावच्या महाविद्यालयात बीए किंवा बीएस्सी करणारी असोद्याची मुलगी त्याच तीन वर्षांत मुक्त विद्यापीठातून बीकॉमही करू शकते. अभ्यास दुप्पट पडतो, दोन परीक्षांच्या तारखा एकमेकींवर येण्याचा धोका असतो, आणि एका पदवीत वापरलेला श्रेयांक दुसरीत मोजला जात नाही. तरीही पदवी झाल्यावर आणखी तीन वर्षे घालवण्यापेक्षा हे परवडते. या सोयीची माहिती खान्देशातील महाविद्यालयांच्या प्रवेश खिडकीवर फलक लावून दिली, तरी अनेकांची वर्षे वाचतील.

पदवी आधीच झाली असेल तर?

अशा व्यक्तीसाठी सर्वात स्वस्त वाट जुनीच आहे. मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षापासून रीतसर प्रवेश घेणे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले ते नोकरदार, गृहिणी आणि अर्धवट शिक्षण सुटलेल्यांसाठीच. मराठीतून अभ्याससाहित्य, जिल्ह्यात अभ्यासकेंद्रे आणि सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे ही त्याची बलस्थाने. इग्नूचाही पर्याय आहे. तिथे इंग्रजी-हिंदी माध्यमाचा वापर अधिक.

दूरशिक्षणाच्या पदवीला कमी लेखण्याचे कारण नाही. यूजीसीच्या २०२० च्या दूरशिक्षण व ऑनलाइन अभ्यासक्रम नियमावलीतील नियम २२ नुसार, मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. आयोगाने २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले.

बीबीए घ्यावे की बीकॉम?

बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) कक्षेत आले. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. पहिल्याच वर्षी जागांच्या तुलनेत परीक्षार्थी कमी पडल्याने परीक्षा पुन्हा घ्यावी लागली, आणि राज्यातील काही महाविद्यालयांनी नाव बदलून ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ यांसारखे अभ्यासक्रम सुरू केले.

दुसरी पदवी घेणाऱ्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. नियमित बीबीएच्या मार्गात प्रवेश परीक्षा, ठरलेले वेळापत्रक आणि तुलनेने जास्त शुल्क येते. हिशेब, कर आणि व्यवहार शिकायचे असतील तर बीकॉम अधिक सोयीचे पडते. ‘बीबीए’ हे नाव भारदस्त वाटते म्हणून दुप्पट-तिप्पट शुल्क भरण्यापूर्वी दोन्हींच्या विषयांची यादी शेजारी ठेवून वाचावी.

शिष्यवृत्तीचे काय?

गरजू कुटुंबांचे गणित इथे चुकते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचनांत वर्षानुवर्षे एक कलम आहे. शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण केल्यावर त्याच टप्प्यावरील दुसऱ्या शाखेचे शिक्षण घेणारा विद्यार्थी पात्र ठरत नाही. त्यासाठी सूचनांत दिलेले उदाहरणच ‘बीएनंतर बीकॉम’ असे आहे. इतर प्रवर्गांच्या योजनांतही एकाच पातळीवरील दुसऱ्या अभ्यासक्रमाविषयीची अट आधी तपासावी लागते.

पहिल्या पदवीला शुल्काची झळ बसली नाही, म्हणून दुसरीलाही बसणार नाही, असे गृहीत धरून खासगी संस्थेत प्रवेश घेणाऱ्याला पूर्ण शुल्क खिशातून भरावे लागते. दुसऱ्या वर्षाचे पैसे उभे राहिले नाहीत तर शिक्षण सुटते आणि पहिल्या वर्षाचा खर्चही वाया जातो. शिष्यवृत्ती वरच्या टप्प्याला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला लागू होऊ शकते. ती त्याच पायरीवर पुन्हा मिळण्याची आशा ठेवू नये.

दुसरी पदवी लागते तरी कुठे?

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी विचारायचा प्रश्न हा आहे. वाणिज्य पदवीशिवाय बंद असतील असे वाटणारे अनेक दरवाजे प्रत्यक्षात उघडे असतात.

सनदी लेखापाल व्हायचे असेल, तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के गुणांवर फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी करता येते. म्हणजे ६० टक्के असलेल्या बीएस्सीवाल्याला त्यासाठी बीकॉम लागत नाही. एमबीएसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गांना ४५ टक्के गुण, शिवाय सीईटी. बँकांच्या अधिकारी पदाच्या परीक्षेला आणि राज्यसेवेलाही कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो.

मग दुसरी पदवी खरोखर कोणाच्या कामाची? प्रामुख्याने तीन प्रकारच्या व्यक्तींच्या. पहिल्या पदवीत ४५ किंवा ५० टक्क्यांची रेषा हुकलेल्यांच्या. त्यांना चांगल्या गुणांची दुसरी पदवी एमबीएचे दार उघडून देते. दुसऱ्या, एमकॉम करून अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्यांच्या, कारण तिथे साधारणपणे बीकॉम लागते. आणि तिसऱ्या, ज्यांच्या नोकरीच्या सेवा नियमांत किंवा जाहिरातीत ‘वाणिज्य पदवी’ असे स्पष्ट लिहिलेले आहे त्यांच्या.

जीएसटी विवरणपत्र भरणे, टॅली, आयात-निर्यातीची कागदपत्रे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब एवढेच शिकायचे असेल, तर काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष काम पुरते. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा फायदा बाजारात उठवण्यासाठी लागणारे व्यवहारज्ञान पदवीची वाट पाहत बसत नाही.

कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळू शकतात का?

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने हे तत्त्व मान्य केले आहे. वर्गातील शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण आणि अनुभवातून आलेले ज्ञान यांचे मूल्यांकन करून श्रेयांक देता येतील, असे त्यात म्हटले आहे. अडत दुकानात दहा वर्षे खातेवही सांभाळणाऱ्याला हिशेबशास्त्राचा पहिला पेपर पुन्हा शिकवण्याची गरज नसते. त्याची परीक्षा घेऊन श्रेयांक द्यावेत, हे रास्तच. अमेरिकेत दुसरी पदवी स्वस्त होण्यात अशा सोयीचाही वाटा असतो.

इथे मात्र मूल्यांकन कोणी करायचे, कोणत्या विषयासाठी आणि किती शुल्कात, याची यंत्रणा पदवी देणाऱ्या विद्यापीठाने उभी करायची आहे. ती उभी राहत नाही तोवर अनुभवाचे प्रमाणपत्र घेऊन गेलेल्याला पहिल्या वर्षाचाच अर्ज हाती मिळतो. १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. शाळेची पायरीही न चढलेल्या कवयित्रीचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने शाळेबाहेरच्या ज्ञानाला मोजमाप देण्यात पुढाकार घेतला, तर ते नावाला साजेसे ठरेल.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घ्यावी का?

सावधपणे. अमेरिकेतील पर्यायी श्रेयांक जमवून तिथली पदवी भारतात बसून घेता येते, असे सांगणारे मध्यस्थ आहेत. ती पदवी तिथे खरी असली, तरी भारतात सरकारी नोकरी किंवा पुढील प्रवेशासाठी तिला समकक्षता मिळेलच असे नाही. यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता, की मान्यता न घेता परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने पदव्या देणाऱ्या महाविद्यालयांच्या आणि शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांच्या अशा पदव्या आयोगाला मान्य नाहीत. पुढे अमेरिकेतच राहायचे असेल तर गोष्ट वेगळी. जळगावात राहून जळगावात नोकरी करायची असेल, तर डॉलरमध्ये शुल्क भरण्यात शहाणपण नाही.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

विद्यापीठाला त्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षासाठी दूरशिक्षणाची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे. विद्यापीठ खरे असले तरी एखाद्या अभ्यासक्रमाची मान्यता संपलेली असू शकते. दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेशासाठी आता ‘डेब आयडी’ आवश्यक आहे आणि तो श्रेयांक पेढीच्या खात्याशी जोडलेला असतो. ‘आयडी नंतर काढू’ असे सांगणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे.

‘मागील तारखेची पदवी’, ‘परीक्षेविना पदवी’ किंवा ‘एका वर्षात तीन वर्षांची पदवी’ हे शब्द ऐकू आले, की तिथेच थांबावे. कोणत्याही नियमात अशी सोय नाही. पैसे विद्यापीठाच्या खात्यातच भरावेत, केंद्रचालकाच्या वैयक्तिक खात्यावर नव्हे. श्रेयांकांची सूट मिळणार असेल तर किती, कोणत्या विषयांत आणि कोणत्या अध्यादेशाखाली, हे विद्यापीठाच्या पत्रावर घ्यावे.

पुढे काय व्हायला हवे?

धोरणाने दरवाजे उघडले आहेत, पण ते वापरता येतील असे उंबरे अजून बांधलेले नाहीत. प्रत्येक विद्यापीठाने ‘स्वयम्’वरील कोणते विषय कोणत्या पेपरच्या जागी चालतात, याची यादी मराठीत आणि सत्राआधी प्रसिद्ध करावी. पदवीधरांना समान विषयांत सूट द्यायची की नाही, याचा एकच नियम राज्यभर असावा. आज एका विद्यापीठात जे चालते ते दुसरीकडे चालत नाही आणि या संदिग्धतेवरच दलालांचा धंदा चालतो. बाहेरून विषय केल्यास शुल्कात त्या प्रमाणात कपात मिळाली, तरच श्रेयांकांचा मार्ग गरिबाला स्वस्त पडेल.

तोवर खान्देशातील पदवीधराने हिशेब साधा ठेवावा. पहिली पदवी सुरू असेल तर मुक्त विद्यापीठाची दुसरी पदवी जोडीने घ्यावी. पदवी झाली असेल तर आधी पाहावे, की हव्या त्या नोकरीला किंवा प्रवेशाला दुसरी पदवी खरेच लागते का. लागत असेल, तर मुक्त विद्यापीठाची तीन वर्षे हीच सध्या सर्वात कमी खर्चाची आणि कमी धोक्याची वाट आहे. लागत नसेल, तर तीच तीन वर्षे एमबीएच्या तयारीला, सनदी लेखापालाच्या अभ्यासाला किंवा स्वतःच्या धंद्याला दिलेली बरी.